गावातल्या शाळेचं स्काउट-गाइड उन्हाळी शिबिर: मुलं कशी जमवायची, पालकांना काय सांगायचं?

वाटाड्या_पाटण

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. शाळेचं स्काउट पथक माझ्याकडे आहे, गाइड पथक आमच्या एका मॅडमकडे. दोघांचंही बेसिक प्रशिक्षण झालंय. येत्या मे महिन्यात पाच दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं ठरवतोय. मुख्याध्यापकांचा होकार आहे. गावापासून थोड्या अंतरावर देवस्थानची आमराई आहे, शेजारी विहीर आहे, ती जागा मिळेल असं दिसतंय.

अडचण मुलांची आहे. वर्गात विचारलं की सगळेच हात वर करतात आणि प्रत्यक्षात नाव घेऊन येतात सात-आठ. सुट्टी लागली की निम्मी मुलं मुंबईला काका-मामांकडे. आठवी-नववीच्या पालकांना क्लासची काळजी. मुलींच्या घरी तर 'रात्रीचं बाहेर नको' म्हटलं की विषय संपतो.

एक फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवर फिरवायला एक पत्रक असा विचार आहे. पत्रकात व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्वगुण, साहस असं लिहिलंय. एक सहकारी म्हणतात, शहरातल्या खासगी शिबिरांसारखं झिपलाइन आणि रायफल शूटिंग ठेवा, मुलं आपोआप येतील. गावातले एक पुढारी सगळा खर्च उचलायला तयार आहेत, कमानीवर त्यांचा फोटो हवा एवढीच अट आहे.

ज्यांनी अशी शिबिरं घेतली आहेत त्यांनी सांगावं. जाहिरात कशी करावी आणि पैशाचं काय करावं?

गाइडर_कऱ्हाड

सर, पत्रक तूर्त बाजूला ठेवा. शिबिर पत्रकाने भरत नाही, संघनायक भरतात. माझी सगळी नोकरी गाइड पथक चालवण्यात गेली, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते.

आपण जाहिरात करताना एकेका मुलाला बोलावतो. स्काउटिंगमध्ये मात्र एकटं मूल असं काही नसतंच, तिथे संघ असतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं तेव्हा वीसएक मुलं होती. काही मोठ्या घरची, काही कष्टकऱ्यांची. त्यांचे चार संघ केले, प्रत्येकाला एक नायक दिला आणि संघाचा कारभार त्याच्यावर सोपवला. आपल्याकडे काय होतं, आधी नावं गोळा करायची, मग शिबिराच्या पहिल्या दिवशी मैदानात रांग लावून 'तू इकडे, तू तिकडे' करत संघ पाडायचे. मुलांची ओळख होईपर्यंत शिबिर संपतं.

तुम्ही क्रम उलटा करा. पहिल्या वर्षी बत्तीस मुलं पुष्कळ झाली: आठ-आठचे चार संघ, दोन स्काउटचे, दोन गाइडचे. २२ फेब्रुवारीला स्काउट-गाइडचा चिंतन दिन असतो. त्या दिवशी चार संघनायक ठरवा. हुशार म्हणून नव्हे, ज्याच्या घरी चार पोरं नेहमी जमतात असा मुलगा बघा. मुलींमध्ये अशी बघा जिच्या शब्दावर तिची आळी पाणी भरायला एकत्र निघते. त्या चौघांना सांगा, तुमचा संघ तुम्ही उभा करायचा. मार्च-एप्रिलमध्ये शनिवारी शाळा सुटल्यावर त्या चौघांनाच शिकवा. गाठी, चूल मांडणं, मागोव्याची चिन्हं, आठ जणांचा शिधा कसा काढायचा. ते आपापल्या संघाला शिकवतील. मानसभा, म्हणजे संघनायकांची सभा, तेव्हापासूनच सुरू करा. शिबिरात जेवायला काय आणि रात्री पहारा कसा, हे त्यांच्यातच ठरू द्या.

याने मुलींचा प्रश्न कसा सुटतो ते सांगते. 'रात्रीचं बाहेर नको' म्हणणाऱ्या आईच्या मनात खरा प्रश्न असतो, तिच्याबरोबर कोण? 'शाळेच्या मुली' या उत्तराने तिचं समाधान होत नाही. त्याच आळीतल्या सात मुलींची नावं सांगितली की ती विचार करायला लागते. त्या सातजणींच्या आया एकमेकींना विहिरीवर, गिरणीत भेटतात, त्यांचं त्यांच्यात बोलणं होतं. एक गेली की आठ जातात. म्हणून संघ शाळेच्या तुकडीप्रमाणे पाडू नका, वाडी-आळीप्रमाणे पाडा.

आता जाहिरात. २६ जानेवारी तोंडावर आहे. झेंडावंदनाला गाव जमतं, सांस्कृतिक कार्यक्रम होतात, त्यात पंधरा मिनिटं मागून घ्या. भाषण करू नका. चार मुलांना काठ्या, दोऱ्या आणि एक घमेलं द्या आणि सगळ्यांसमोर हात धुण्याचं स्टँड उभं करायला सांगा. आमच्या शाळेत एकदा सातवीतल्या मुली हे करत होत्या. खुंटगाठीने सुरुवात, काठ्यांभोवती तीन फेरे, मग दोन काठ्यांच्या मधून दोन आवळ, शेवटी पुन्हा खुंटगाठ. एकीचे वडील बैलगाडी हाकणारे, दोरीशी आयुष्यभराचा संबंध. ते पुढे आले. काही न बोलता दोन्ही हातांनी स्टँड धरून हलवून पाहिलं. जागचं हललं नाही. मग वाकून गाठ बघितली, मुलीला ती सोडायला सांगितली, पुन्हा बांधायला सांगितली. तिने न बघता बांधली. त्यांनी तिथल्या तिथे संमतीपत्र मागितलं. नेतृत्वगुण हा शब्द त्या माणसाला कुणी ऐकवला असता तर तो चहा पिऊन घरी गेला असता.

पत्रक काढाच, पण ते पालकांच्या प्रश्नांना उत्तर देणारं हवं. झोपायचं कुठे, संडास-न्हाणीघर कुठे, रात्री जागं कोण, निरोप द्यायचा तर कुणाला. मुलींच्या तंबूजवळ गाइडर, म्हणजे गाइड पथकाच्या शिक्षिका, कोण झोपणार, त्यांचं नाव छापा. पालकसभा आमराईतच घ्या, आयांना जागा दाखवा. मॅडमना सांगा, पाळीबद्दल त्यांनी स्वतः बोलायचं: पॅड कुठे ठेवले असतील, वापरलेल्याची व्यवस्था काय, त्या दिवसात मुलीला कामातून बाहेर ठेवणार का. बायका हे मोठ्याने विचारत नाहीत, पण याच्यावर त्यांचा निर्णय अडलेला असतो. आणि रोज रात्री दोन आयांना मुक्कामाचं आमंत्रण द्या, आळीपाळीने. आम्ही हे सुरू केलं त्या वर्षापासून मुलींची नावं मागे पडली नाहीत. 'परदेशातल्या मुली शिबिराला येतात का' असं कुणी विचारलं तर पुण्यातल्या संगमचं सांगा. गर्ल गाइडचं ते जागतिक केंद्र १९६६ पासून तिथे आहे आणि देशोदेशीच्या मुली येऊन राहतात. आमच्याकडच्या आयांना याचं फार अप्रूप वाटायचं.

झिपलाइन आणि रायफल अजिबात नको. शिकवणारं माणूस आणि सामान दोन्ही आपल्याकडे नसतं, आणि मुलाच्या जिवाशी गाठ असते. त्याऐवजी बिनभांड्याचा स्वयंपाक ठेवा. तव्याशिवाय दगडावर भाकरी, निखाऱ्यात बटाटा आणि वांगं, केळीच्या पानात पानगी, अर्ध्या कांद्याची वाटी करून त्यात अंडं. पहिल्या संघाची भाकरी करपते, दुसऱ्याची कच्ची राहते, तिसरा संघ मागून येऊन दगड आधी किती तापवायचा हे त्यांच्याकडून शिकतो. नववीतला मुलगा घरी पाण्याचा पेला उचलत नाही, तो इथे राख झटकून भाकरीचा तुकडा मित्राला देतो. पुढच्या वर्षीची जाहिरात हीच आहे, कारण घरी गेल्यावर तो हेच सांगतो.

तारीख ठरवताना आधी यात्रेची चौकशी करा. तुमच्या बाजूला चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा असतात, चाकरमानी येतात, पालख्या निघतात. त्या दोन दिवसांत एकही मूल मिळणार नाही. गुरवाला विचारा, लग्नाच्या तिथी बघा. अलीकडे परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबतात, निकाल १ मेला लागतो. तेव्हा २ किंवा ३ मेला शिबिर सुरू करा. मामाच्या गावाला जायच्या आधी मुलं हातात असतात.

आमराई बघायला जाल तेव्हा मान वर करून फांद्या बघा. आग्यामोहोळ असेल तर ती जागा सोडा. शेकोटीचा धूर वर गेला की माश्या उठतात, आणि मग बत्तीस मुलांना आवरणं कुणाच्याही हातात राहत नाही. विहिरीला कठडा नसेल तर बांबू बांधून घ्या, पाणी काढायला मोठं माणूसच जाईल. पाण्याचा हिशोब आधी करा. आपत्तीतल्या छावणीलाही माणशी रोज १५ लिटर ही किमान गरज धरतात. आपल्याकडे आंघोळ, स्वयंपाक, भांडी आहेत, तेव्हा त्याच्या दुप्पट धरा. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला ग्रामपंचायतीला आठवडाभर आधी सांगा.

परवानग्या: स्काउट-गाइडच्या जिल्हा कार्यालयातल्या संघटकांना लेखी कळवा, मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमती आणि मुलाच्या आजाराची, ॲलर्जीची माहिती एकाच कागदावर. पोलिस ठाण्याला आणि आरोग्य केंद्राला पत्राची प्रत. जागा वनखात्याच्या हद्दीला लागून असेल तर त्यांनाही.

पैशाचं संध्याकाळी लिहिते.

घाटमाथा_डॉक्टर

मॅडमनी जवळपास सगळं लिहिलंय. मी ग्रामीण भागात दवाखाना चालवतो, तेवढ्यापुरतं जोडतो.

दुपारी बारा ते चार मुलं सावलीत बसवाच. कवायत, हाइक, खेळ सगळं सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर. ओआरएसची पाकिटं प्रत्येक संघाकडे असू द्या, फक्त प्रथमोपचार पेटीत नकोत. मूल असंबद्ध बोलायला लागलं, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर ते 'चक्कर आली' या सदरात घालू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा. गार करणं थांबवायचं नाही, गाडी येईपर्यंत चालू ठेवायचं. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार लक्षात ठेवायचे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, चावा कित्येकदा जाणवतही नाही. तंबूत अंथरुणाखाली ताडपत्री हवी, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली हवी. पहाटे मुलाचं पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं दिसलं तर सर्पदंशाचा विचार करा. दोरी बांधणं, कापणं, तोंडाने ओढणं यातलं काही करायचं नाही. अवयव न हलवता सरळ दवाखान्यात. सर्पदंशावरची लस कोणत्या रुग्णालयात आहे हे शिबिराच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारून या, आणि रात्री तिथे जायला एक गाडी चालकासह मैदानावर असू द्या.

विंचवाचंही गांभीर्य ठेवा. आपल्या भागात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे प्रॅझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि मृत्यू खूप कमी झाले, पण त्यासाठी मूल वेळेत पोहोचायला हवं. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. सकाळी बूट झटकूनच घालायचे ही सवय पहिल्या दिवशी लावा.

आणि वळीव. मे महिन्यात दुपारनंतर ढग दाटले की मुलांना आंब्याखालून हलवून पक्क्या इमारतीत न्यायचं. तंबूत नाही. जवळची शाळा किंवा समाजमंदिर उघडं ठेवा, किल्ली तुमच्याकडे घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनवर घ्या, वीज जवळपास पडत असेल तर इशारा देतं.

ठाण्याची_माहेरवाशीण

माझं माहेर पाटण तालुक्यातच. शाळेत असताना मी गाइड होते, आता मुलगी सातवीत आहे. पालक म्हणून एक लिहिते.

शिबिरात मोबाइल नको हे मला पटतं, पण पाच दिवस काहीच कळलं नाही तर घरी जीव थाऱ्यावर राहत नाही. माझ्या मुलीच्या एका शिबिरात रोज रात्री शिबिरप्रमुख गटावर चार ओळी टाकायच्या: आज काय केलं, जेवायला काय होतं, कुणाला बरं नाही का. फोटो एखादाच, तोही सगळ्यांचा. तेवढ्यावर आम्ही शांत झोपायचो. दुसऱ्या एका ठिकाणी दिवसभर फोटोंचा पाऊस, आणि आपलं मूल फोटोत नसलं की आया फोन करून शिक्षकांना हैराण करायच्या. पहिली पद्धत ठेवा.

आणखी एक. शिबिरात कोण कोण मोठी माणसं असतील, स्वयंपाकी, मंडपवाला, ड्रायव्हरसकट, याची यादी पालकांना द्या. कुठलंही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर तंबूत किंवा गाडीत असणार नाही, हा नियम पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, आता गावातल्या आयांनाही तो माहीत आहे. हा विषय आपणहून काढणाऱ्या शिक्षकांवर माझा विश्वास जास्त बसतो.

रोव्हर_नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात असं शिबिर घेण्याचा विचारही करता येत नाही, पारा ४५ ला टेकतो. शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, पण पावसाचा भरवसा नसतो. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत घेतो. तुमच्या तारखा यात्रांमुळे जमल्याच नाहीत तर हा पर्याय डोक्यात ठेवा. मुलं तेव्हा गावातच असतात आणि रात्री शेकोटी हवीशी वाटते.

गाइडर मॅडमच्या संघनायकांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी स्वतः आठवीत संघनायक होतो आणि माझ्या संघातली सातही मुलं मी घरोघरी जाऊन आणली होती. एकाच्या आजीने मला तासभर बसवून विचारलं होतं, हा रात्री घाबरला तर काय करशील. मी सांगितलं, माझ्या शेजारी झोपेल. सरांना तिने विचारलंही नाही.

वाटाड्या_पाटण

सगळ्यांचे मनापासून आभार. २६ जानेवारीची पंधरा मिनिटं आजच मुख्याध्यापकांकडून मागून घेतली. आग्यामोहोळ बघायला उद्या जातोय. आमराईत मोठी जुनी झाडं आहेत, त्यामुळे शंका आहे.

गाइडर मॅडम, पैशाचं तेवढं सांगा. फी ठेवली तर गरीब घरची मुलं गळतात. फुकट ठेवलं तर पुढाऱ्यांच्या कमानीशिवाय भागत नाही. आणि समजा चार संघ झालेच नाहीत, दोनच झाले, तर शिबिर रद्द करायचं का?

गाइडर_कऱ्हाड

सर, रद्द करायचं नाही. दोन संघ झाले तर सोळा मुलांचं शिबिर घ्या, पण पूर्ण घ्या: ध्वजारोहण, बी. पी. सहा व्यायाम (बेडन-पॉवेलचे सहा व्यायाम), तंबूची तपासणी, मागोवा, शेकोटी. पाहिजे तर दिवस पाचाचे तीन करा. सोळा मुलं घरी जाऊन जे बोलतील त्याने पुढचे दोन संघ उभे राहतील. मात्र दोन्ही संघ मुलांचेच असतील तर मॅडमना सांगा, गाइडच्या एका संघासाठी अजून पंधरा दिवस घरोघरी फिरा. मुलींवाचून पहिलं शिबिर झालं की 'ते मुलांचं असतं' हे गावात पक्कं होतं आणि मग ते मोडायला वर्षं लागतात.

फोटोची कमान घेऊ नका. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही बिगरराजकीय चळवळ आहे, हे संस्थेच्या घटनेतच आहे. त्या गृहस्थांना तसं नम्रपणे सांगा आणि फुकट पाठवू नका. म्हणावं, तुमचा टँकर तीन दिवस द्या, किंवा मंडप द्या. शेवटच्या शेकोटीला गावाबरोबर येऊन बसा, आम्ही सगळ्यांदेखत आभार मानू. आमच्याकडे अशी माणसं आली, बसली आणि पुढच्या वर्षी स्वतःहून विचारायला आली. ज्यांना फोटोच हवा होता ती आली नाहीत, त्यांच्यावाचून अडलं नाही.

फीऐवजी शिधा घ्या. माणशी दोन किलो तांदूळ किंवा ज्वारी, पाव किलो डाळ, थोडा गूळ, घरात असतील ते कांदे-बटाटे. गावात कुणाकडेच हे नाही असं होत नाही, आणि सप्ताहाला, भंडाऱ्याला शिधा द्यायची रीत लोकांच्या अंगात असते. ज्याला दोन किलो जड जातील तो अर्धा किलो देईल. शिधा संघनायक गोळा करतो आणि एकत्र ओततो, कुणी किती दिलं याची यादी लावायची नाही. तेल, मसाला, गॅस, दिवाबत्ती एवढाच रोख खर्च उरतो.

त्या रोख रकमेसाठी खरी कमाई करा. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक संघाने काहीतरी काम करून पैसे मिळवायचे. तुमच्याकडे यात्रा आहे ना, मग यात्रेत लिंबू आणि कोकम सरबताची गाडी लावा. कोकम आमच्याकडून पाठवते. आमच्या एका संघाने लग्नाच्या मांडवात पत्रावळ्या उचलून पैसे कमावले होते. पालकांना आधी कळवा, काम हलकं आणि दिवसाउजेडी असू द्या, आणि हिशोबाची वही संघनायकाच्या हातात असू द्या. स्वतः मिळवलेल्या पैशातून तेल आणलं की ते सांडत नाही.

शेवटच्या दिवशी पालकांना दुपारी जेवायला बोलवा, स्वयंपाक संघांचा. आणि मुक्काम हलवताना चुलीचे खड्डे बुजवून, राख विझवून, एकही कागद न ठेवता आमराई देवस्थानच्या ताब्यात द्या. विश्वस्तांना बोलावून दाखवा. पुढच्या वर्षी जागा मागायला जाल तेव्हा कागदाची गरज पडणार नाही.

मॅडमचा नंबर मला निरोपात पाठवा, पालकसभेत काय बोलायचं ते त्यांच्याशीच बोलते. आणि आमराईत मोहोळ निघालं तर लगेच कळवा, तुमच्या बाजूला माझ्या दोन-तीन जुन्या विद्यार्थिनी शिक्षिका आहेत, दुसरी जागा शोधू.